अप्रेझल भरणार कोण?
"दोघं सज्ञान आहेत, मग कंपनीने मध्ये का पडावं?" ऑफिसमधल्या प्रेमप्रकरणांबद्दलचा हा प्रश्न वाचून नागपुरातलं, मिहानमधलं माझं जुनं ऑफिस आठवलं. टीम लीडर आणि त्याच्याच टीममधली मुलगी. सकाळी एकाच गाडीवरून यायचे, टपरीवर तर्री पोह्यांची एकच प्लेट. कोणाला काही घेणंदेणं नव्हतं. मग बिनसलं. त्याच महिन्यात अप्रेझल, म्हणजे कामाचं मूल्यमापन, आलं आणि तिचं रेटिंग भरणारा तोच! रात्री साडेअकराचा मेसेज तिने मला दाखवला: 'एकदा भेट, मग रेटिंगचं बघू.' याला काय प्रेमभंग म्हणायचं? एचआरच्या साहेबांनी तर 'आपसात मिटवा' म्हणून हात झटकले.

आधी संमती होती म्हणून पुढचा त्रास माफ, असं कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कुठेही नाही. १० किंवा जास्त माणसं असतील तर अशा तक्रारींसाठी ऑफिसची अंतर्गत समिती हवीच. त्याहून लहान ऑफिस असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार ३ महिन्यांत, कारण पटलं तर आणखी ३. समेट होतो, पण तक्रार करणारीने मागितला तरच, आणि पैसे देऊन नाही. खोट्या तक्रारीची धास्ती असलेल्यांसाठी: सिद्ध झाली नाही म्हणजे खोटी ठरत नाही, पण मुद्दाम खोटी केली तर कारवाईची तरतूदही त्यातच आहे.

ऑफिसमधल्या नात्यांवर सरसकट बंदीला माझाही विरोधच. लोक लपवतात, एवढंच होतं. नातं जुळलं की कळवा, रिपोर्टिंग बदला, बस. आमच्याकडेही बदललं, पण ती राजीनामा देऊन गेल्यावर.