दहावीनंतर काय घेतलं, आणि ते ठरवलं कुणी?

अबोली
काल रात्री भाचीचा अकरावीचा ऑनलाइन फॉर्म भरत बसलो होतो. दहा पसंतिक्रम. सातव्या कॉलेजपाशी ती म्हणाली, "मावशी, बायो सोडलं तर चालेल ना गं? सगळे सोडतायत." माझा हात माउसवरच थांबला.

१९९६. मला बायो हवं होतं. आजीला अर्धांगवायू झाला होता, तिचे व्यायाम करून घ्यायला एक ताई यायच्या. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. बाबांच्या ऑफिसातले काका म्हणाले, बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स (सायन्समधला व्यवसाय विषय) घ्या, दोनशे मार्कांचं असतं, प्रॅक्टिकलला मार्क सुटतात. झालं. बायो गेलं, दुसरी भाषाही गेली. त्यांच्या जागी सोल्डरिंग, डोळ्यांत जाणारा राळेचा धूर आणि सर्किटच्या आकृत्यांचं जर्नल. मार्क खरंच सुटले. फिजिओथेरपीला बायो लागतं हे मात्र बारावीच्या निकालानंतर, फॉर्म घेऊन खिडकीशी उभी असताना कळलं. आतल्या बाईंनी गुणपत्रिका पाहिली आणि फॉर्म परत सरकवला.

आज नोकरी चांगली आहे. तरी ती खिडकी आठवते. तुमचं कसं ठरलं? लिहा, भाचीला वाचायला देणार आहे.

रानवारा
अगं मी पण बायफोकल! कॉम्प्युटर सायन्स. आठ जणांत एक मशीन, की-बोर्ड हाताला लागला तर नशीब. बाकीचं संध्याकाळी लिहिते, कुकर लावलाय.

उकडीचे_मोदक
लातूरला क्लाससाठी. मामांनी ठरवलं. दिवाळीला घरी आलो तो परत गेलोच नाही. आईने बॅग उघडली तर डब्याच्या पावत्या आणि न उघडलेली मॉड्यूल्स. काही बोलली नाही, धुवायचे कपडे तेवढे वेगळे काढले.

रानवारा
@मोदक, आईला नमस्कार सांगा.

फिटर_नाशिककर
आयटीआय, फिटर. दहावीला ५२ टक्के, वडिलांना दोन वर्षांत कमावता मुलगा हवा होता. पहिले काही महिने नुसतं फायलिंग. लोखंडाची चौकोनी पट्टी घासायची, गुण्या लावायचा आणि उजेडाकडे धरायची. फटीतून उजेड दिसला की सर पट्टी परत हातात देणार, एक शब्द न बोलता. ज्या दिवशी उजेड दिसला नाही त्या दिवशी मी ती पट्टी खिशात घालून घरी नेली. मग अप्रेंटिसशिप, मग डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. हा रस्ता आहे हे मला हॉस्टेलच्या पोराने सांगितलं. शाळेत कुणाला माहीतच नव्हतं. अबोलीताई, भाचीच्या वर्गात कुणाला हे हवं असेल तर जरूर सांगा.

मालतीकाकू
फिटरदादा, वाचून डोळे भरले. आमच्या शाळेत आठवीला टेक्निकलची तुकडी होती, फक्त मुलग्यांची. वर्कशॉप आमच्या वर्गाला लागून. रंध्याचा आवाज यायचा, दाराखालून लाकडाचे कुरळे कीस उडत यायचे. मला ते शिकायचं होतं. आम्हाला शिवण. मी काजं उत्तम करते, पण हात अजून लाकडाकडे जातो.

इसारकाठ
म्युनिकहून. इथे हे सगळं चौथीत होतं! जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. (इथे १ म्हणजे सर्वांत वर.) लेकीचं २.६६ आलं. दहा वर्षांचं पोर जिन्यात बसून रडत होतं, मैत्रीण दुसऱ्या शाळेत जाणार म्हणून. रेआलशूलमधूनही (दहावीपर्यंतची मधली शाळा) पुढे फाखओबरशूल (त्यानंतरची अकरावी-बारावी) करून उच्च शिक्षण घेता येतं, हे तिच्या बाबांना समजवायला मला आठवडा लागला. भारतातल्या फोनवर अजून समजावतेय.

सोलकढी
८९ टक्के आणि आर्ट्‌स. शेजारच्या काकू घरी येऊन आईचा हात धरून बसल्या. मला तर्कशास्त्र इतकं आवडलं की पहिल्या महिन्यात पुस्तक संपवलं. आज तेच शिकवते.

चहा_कमी_साखर
मुलाला पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) द्यायचं की बायोसकट पीसीएमबी? उद्या शेवटची तारीख आहे, कुणीतरी सांगा पटकन.

रानवारा
झेपत असेल तर चारही ठेवा. आणि अबोली, तुझ्या वेळी नव्हतं, पण २०२३ मध्ये नियम बदलला. बारावीनंतर बायो जादा विषय म्हणून मान्य बोर्डातून पास झालं तरी नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) बसता येतं. म्हणजे भाचीने आत्ता सोडलं तरी परतीची वाट आहे. पण त्यात वेळ जाईल, म्हणून तिला आधी विचार की तिला काय आवडतं.

अबोली
विचारलं गं, आत्ताच. पंधरा मिनिटं पक्ष्यांबद्दल बोलत होती. मला हे माहीतच नव्हतं.

चहा_कमी_साखर
धन्यवाद. मुलगा म्हणतो चारही.

फिटर_नाशिककर
मालतीकाकू, माझ्या शेडमध्ये रंधा आहे, सागाचे तुकडेही पडलेत. नाशिकला आलात तर या. बसायला पाट स्वतःच्या हाताने करून न्या.

मालतीकाकू
येते हो. लेक पंचवटीतच असते. पाट नको, नातवाला गाडी करायचीय. चाकं कशी करतात रे?