वडीलधाऱ्यांसमोर स्वतःच्या लेकराला उचलून घेण्याचा संकोच

कास्तकार, वणी तालुका:
आमच्या एकत्र कुटुंबात वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःच्या लेकराला कडेवर घेऊ नये असा दंडक होता आणि माझ्या वडिलांनी तो कसोशीने पाळला. मला काही हवे असल्यास ते आईमार्फतच मागावे लागे. आज तेच वडील माझ्या तीन वर्षांच्या मुलीला खांद्यावर बसवून वावरात नेतात. मी मात्र, ते ओसरीवर बसलेले असले की, तिने हात पसरले तरी तिला उचलून घेत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत पत्नीही दिवसभर वावरातच असते, त्यामुळे मुलगी आजीजवळ झोपते आणि पडली-झडली तरी आजीलाच हाक मारते. आजीआजोबांचा इतका लळा लागल्यावर तिला आईबापाची ओढ राहील का? आणि मला जे मिळाले नाही, ते मी तिला देऊ शकेन का?

मानसशास्त्राची प्राध्यापिका, वर्धा:
दादा, पहिली काळजी सोडा. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचे निरीक्षण केले, तेव्हा आईचा लळा असलेली बाळे घरातील इतरांनाही बिलगतात, असे त्यांना दिसले. दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या अभ्यासात आईवडिलांना त्यांच्या बालपणाविषयी बोलते केले होते. बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यापेक्षा त्याविषयी ते किती मोकळेपणाने आणि सुसंगतपणे बोलू शकतात, याचा त्यांच्या मुलांच्या जवळिकीशी अधिक संबंध आढळला. वडिलांना दोष न देता तुम्ही जे लिहिले आहे, ते अशाच प्रकारचे बोलणे आहे.

एक सून, हिंगणघाट तालुका:
ताईंचे म्हणणे मान्य आहे, पण लळा आपोआप लागत नाही. वेचणीहून आल्यावर कंबर मोडलेली असते, तरी रात्रीचा घास मी मुलाला माझ्याच हाताने भरवते. दिवसभराचे सारे सासूबाई प्रेमाने करतात, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. मूल रडले की "थांब, तुझ्या आईलाच मारते" असे म्हणून त्या त्याची समजूत घालीत, तेवढे मात्र मी त्यांना एकांतात सांगून थांबवले, कारण रडण्याचे खापर रोज आईवर फुटले, तर मूल तिच्याकडे कशाला येईल?

एक आजोबा, दर्यापूर:
बेटा, मी तुझ्या वडिलांच्या पिढीचा आहे. चार भावांची लेकरे एका अंगणात वाढत असताना आपलेच तेवढे उचलले, तर दुजाभाव दिसेल आणि पुतण्यांना वाईट वाटेल, या धाकाने आम्ही हात आवरत होतो. तो दंडक ज्या घरासाठी होता, ते घर आता उरलेले नाही, म्हणून परवानगीची वाट न पाहता मुलीला त्यांच्यासमोरच उचलून घे. पहिल्या दिवशी ते उठून बाहेर गेले, तरी तो राग समजू नकोस. अशा वेळी नजर कुठे ठेवावी, हेच आम्हाला कळत नाही.