वजनकाटा देवघरात कशाला?

मुक्ता_पुणे
काल एका ताईंनी इथे लिहिलं की त्यांच्या गीता मंडळात दर गुरुवारी सहावा अध्याय वाचतात, मग देवासमोरच एकेक जण काट्यावर उभी राहते आणि वजनं वहीत लिहितात. ‘जिचं वजन उतरत नाही तिचा संयम कच्चा’ हे त्यांचं वाक्य वाचून मला रात्री झोप लागली नाही.

माझी आई अशाच एका मंडळात जायची. थायरॉईडची गोळी, रात्री दीड पोळी, तरी काटा हलायचा नाही. वही मोठ्याने वाचायचे. तिसऱ्या महिन्यात आईने जाणं सोडलं. गीतेची पोथी अजून त्याच कापडी पिशवीत खुंटीला टांगलेली आहे.

त्याच सहाव्या अध्यायातला सोळावा श्लोक फार खाणाऱ्याला योग साधत नाही म्हणतो, तसा मुळीच न खाणाऱ्यालाही साधत नाही म्हणतो. त्यात किलो कुठून आले?

गुरुवारची_ताई
ती पोस्ट माझीच. आईंचं वाचून वाईट वाटलं, पण मंडळाला दोष देऊ नका. मला डॉक्टर दोन वर्षं सांगत होते चाला, मी चालले नाही. मंडळातल्या बायका सहा वाजता फाटकाशी येऊन हाक मारायला लागल्या, तेव्हा पायात चप्पल घातली. तीन महिन्यांची सरासरी शुगर (HbA1c) ८.४ होती, आता ६.९ आहे. एकटीने झालं असतं का? माझ्याने तरी नाही.

भीमाकाठचा
एवढी आहारचर्चा करता, मग एकादशीला काय शिजतं ते सांगा. वर्षाला २४ एकादश्या, अधिक मास आला की २६. साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ३५० कॅलरी, प्रथिनं नावालाच. वर बटाटा आणि तूप. आमचे वडील मधुमेही, उपवास सोडायचे नाहीत आणि खिचडीही सोडायचे नाहीत. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ उगाच नाही म्हणत.

अन्नपूर्णा_सातारा
साबुदाण्याला झोडपणं बंद करा आता. खिचडीत दाण्याचं कूट असतं, शेंगदाण्यात १०० ग्रॅमला २५ ग्रॅम प्रथिनं असतात. एक वाटी खाऊन उठा ना! परातभर खायची आणि मग पदार्थाला नावं ठेवायची.

भीमाकाठचा
एक वाटी खाऊन कोण उठतं, दाखवा मला. आणि ज्या कंदाचा साबुदाणा होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो उपवासाला चालतो आणि शेतातली ज्वारी बाटवते, हे मला कोणीतरी समजावून सांगा.

अन्नपूर्णा_सातारा
बटाटा आणि मिरचीही तिकडूनच आली. तेवढं तुमच्या ताटातून काढा, मग बोलू.

न्यूजर्सीची_सून
खिचडी बाजूला ठेवाल का? कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक चर्चचे तेव्हाचे पाद्री रिक वॉरन यांनी २०११ मध्ये डॅनियल प्लॅन नावाचा वजन उतरवायचा उपक्रम सुरू केला. बाप्तिस्म्याच्या वेळी शेकडो जणांना पाण्यातून उचलताना लोकांचं आणि स्वतःचंही वजन जाणवलं, असं ते सांगतात. पहिल्या वर्षी १५ हजार लोकांनी मिळून अडीच लाख पौंड उतरवले, असा चर्चचा दावा आहे. त्यांच्या पाच सूत्रांत श्रद्धा आणि आहाराइतकंच स्थान मित्रमंडळींना आहे. लहान गट, एकमेकांची विचारपूस. मुक्ता, गट वाईट नसतो.

मुक्ता_पुणे
गट वाईट असं मी कुठे म्हटलं? आजाराला पाप ठरवू नका, एवढंच म्हणते आहे. सतराव्या अध्यायात सात्त्विक आहार ‘स्निग्ध’ सांगितलाय. मग सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी तूप, सव्वा वाटी साखर हा प्रसाद घेणारी बाई संयम सुटलेली कशी? मोजायचंच असेल तर कंबर मोजा. आपल्याकडे बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा सांगतात. टेप घरी असतो, वही लागत नाही.

गुरुवारची_ताई
प्रसाद आम्ही चमचाभरच देतो, तेवढं माहीत असू द्या.

काटा आतल्या खोलीत नेईन. ज्याचा आकडा त्याच्यापाशी. पण काटा राहणार, कारण तो नसता तर मी आज इन्सुलिनवर असते. ‘संयम कच्चा’ हे मी लिहायला नको होतं. ते तुमच्या आईंपुरतं मागे घेते.

मुक्ता_पुणे
आईपुरतं नको, सगळ्यांपुरतं घ्या. तुमच्या मंडळातही कोणीतरी गोळी घेऊन गप्प बसलेली असेल.

गुरुवारची_ताई
आहे एक. दोन गुरुवार आलेली नाही. उद्या सकाळी तिच्या फाटकाशी जाते.