सर्पदंशाची माहिती कुणीही छापावी, कुणीही बदलावी, चालेल का?

रानवाट (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात बहिणीच्या गावी बचत गटाच्या मीटिंगला सर्पदंशावर बोलायला गेलो होतो. सोबत एका संस्थेचं पत्रक होतं, गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, माहिती सगळी बरोबर. पण पहिलीच ओळ 'दंशग्रस्त अवयव निश्चल ठेवावा'. मी वाचली तर बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी एक मावशी म्हणाल्या, म्हणजे हात मोडल्यावर फळी बांधतो तसं का? म्हटलं अगदी तसंच. लगेच पुढचा प्रश्न, आणि वरती दोरी आवळायची ना? नाही आवळायची, ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, पेशंटला चालवायचं नाही, असं करत पाऊण तास गेला आणि निघताना त्या म्हणाल्या की हे असंच आपल्या बोलण्यात लिहून द्या, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावतो. पत्रकाच्या तळाला बघितलं तर 'परवानगीशिवाय मजकूर छापू अथवा बदलू नये'. फोन करून विचारलं, नाही म्हणाले.

मला हे पटतच नाही. २००० ते २०१९ या काळात भारतात साप चावून अंदाजे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला ५८,०००च्या आसपास, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय कृती आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. इंजेक्शन आहे, १०८ची गाडी आहे, पण पहिल्या तासात घरातल्यांनी काय करायचं हे कुलपात ठेवून कसं निम्म्यावर येणार? माझं म्हणणं, असं साहित्य विकिपीडियासारखं खुल्या परवान्यात द्यावं. मूळ कुणाचं ते लिहा, काय बदललं ते लिहा, बाकी हवं तसं छापा.

तालुका डॉक्टर

मी विरोधात आहे. रागाने नाही बोलत, डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. दोन पावसाळ्यांपूर्वी एक मुलगा पाच तास उशिरा आणला, कारण भाच्याने मोबाईलवर फोटो जुळवून सांगितलं की हा कवड्या आहे, बिनविषारी, झोपा. होता मण्यार. आला तेव्हा पापण्या उघडत नव्हत्या, थुंकी गिळता येत नव्हती. वाचला, पण अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होता. तो फोटोंचा तक्ता मूळचा चांगल्याच पुस्तकातला होता, पुढे कुणीतरी कापून कापून नुसती चित्रं ठेवली आणि 'आधी दवाखान्यात जा' ही ओळ गेली. 'कुणीही बदला' म्हणताय त्याचं हे असं होतं. मजकूर बदलणाऱ्याला कोण जाब विचारणार?

आणि ओळख पटवायची गरजच नाहीये हो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर आपल्याकडे एकच इंजेक्शन आहे. काचेच्या कोरड्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवतो, गोठलं नाही तर घोणस किंवा फुरसं धरायचं. पापण्या पडायला लागल्या तर नाग किंवा मण्यार. साप मारून पिशवीत आणू नका, फक्त माणूस आणा.

माळढोक

डॉक्टरसाहेब, मी साप पकडायला जातो, १४ वर्षं झाली. फोटो काढून टाकले तर लोक धामणसुद्धा ठेचतात, जी शेतातले उंदीर खाते. पट्टे डोक्याकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट तर कवड्या, उलटं असेल तर मण्यार, हे लोकांना शिकवायलाच पाहिजे. माहिती कमी करून कुणी शहाणं झालेलं नाही.

तालुका डॉक्टर

शाळेत शिकवा ना, जरूर शिकवा. पण साप चावलेल्या माणसाच्या उशाशी बसून रात्री दोन वाजता बॅटरीच्या उजेडात पट्टे मोजायला लावू नका.

उपकेंद्रवाली

मी आशा आहे. आमच्याकडे आलेल्या पोस्टरवर काही लिहायचं नाही असं वरून सांगितलं होतं. मी तरी स्केचपेनने खाली तीन नंबर लिहिले, १०८, गावातल्या दोन जीपवाल्यांचे, आणि रात्री इंजेक्शन आणि डॉक्टर दोन्ही कुठे मिळतात त्या दवाखान्याचं नाव, कारण जवळच्या ठिकाणी गेलं आणि तिथून पुढे पाठवलं की दीड तास जातोच. त्या पोस्टरवर लोक वाचतात काय तर माझं स्केचपेनचं. मग मी चूक केली का?

अर्धवट ज्ञानाची भीती आम्हाला नेहमी घालतात. जामखेडला आरोळे डॉक्टरांनी १९७० पासून न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं, तेव्हाही हेच म्हणत असतील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांच्या हातात बाळाचं इंजेक्शनसुद्धा दिलं, ३९ गावांत, आणि तीन वर्षांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ला लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात छापून आलं ते. आम्हाला जमतं, नीट शिकवा फक्त.

तालुका डॉक्टर

ताई, तुमचे नंबर ही चूक नाहीच, उलट पोस्टरवर तेच आधी हवं. पण गडचिरोलीत नुसता कागद दिला नव्हता, शिकवलं होतं आणि मागे देखरेख होती. मला तेवढंच म्हणायचंय. ज्ञान द्या, पण त्याच्यामागे माणूस उभा पाहिजे.

रानवाट

फोटोंचं तुमचं म्हणणं मान्य, काढतोय. माळढोक, तुमचा मुद्दाही सोडत नाही, शाळेसाठी वेगळा तक्ता करू, त्यावर 'चावल्यावर हे बघू नका' असं मोठ्या अक्षरात. पण परवान्यावर मी ठाम आहे. तो फोटोंचा तक्ता बंदिस्त होता तरी कापला गेलाच ना डॉक्टर? उलट खुल्यात निदान मूळ कुठे बघायचं ते तरी कळतं. असं करतो, डॉक्टरी सल्ल्याच्या चार ओळी कुणी बदलायच्या नाहीत अशी विनंती वरच टाकतो, तपासल्याची तारीख लिहितो, आणि बोली, नंबर, गाडी, दवाखाना गावाने भरायचं. त्या चार ओळी तुम्ही लिहून द्याल का?

तालुका डॉक्टर

देतो. परवान्याचं अजून पटलेलं नाही, दरवर्षी जूनच्या आधी जुने कागद काढून नवे लावणार असाल तरच माझं नाव टाका. आणि मण्यारची ओळ पहिली घ्या, कारण लोक तिथेच फसतात: जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय, घसा धरलाय म्हणत उठला आणि पापण्या जड झाल्या, तर चावल्याची खूण दिसो न दिसो, सूज नसली तरी, लगेच आणा.

उपकेंद्रवाली

त्याखाली मच्छरदाणीचं पण टाका, गादीखाली खोचून झोपायचं. आमच्याकडे मच्छरदाण्या वाटलेल्या आहेत, पण निम्म्या घरांत पेटीतच आहेत.