मदत हवी आहे: सुपरमार्केटने आठ खोकी दारातूनच परत पाठवली, वर डेबिट नोट (बिलातून पैसे कापल्याचा कागद). पुढची ऑर्डर घेऊ का?

शेंगाचटणी_सोलापूर:
नमस्कार मंडळी. आमचा शेंगा चटणीचा धंदा आहे. आई, मी आणि कांडप-पॅकिंगला पाच बायका. इतकी वर्षं किराणा दुकानं आणि प्रदर्शनं एवढंच केलं. यंदा पहिल्यांदा एका मोठ्या सुपरमार्केट साखळीची ऑर्डर मिळाली. आईने पेढे वाटले. थोडं थांबून वाटायला हवे होते असं आता वाटतंय.

२०० ग्रॅमचे ४८० पाउच, ७२ रुपये दराने, म्हणजे ३४,५६० रुपयांचा माल. वीस-वीसची २४ खोकी भरली आणि पार्ट लोडने, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीतून, भिवंडीला त्यांच्या गोदामात पाठवली. माल उतरवायला मंगळवारी सकाळी ९ ते ११चा स्लॉट (ठरलेली वेळ) होता. ट्रान्सपोर्टवाल्याने पुण्यात माल दुसऱ्या गाडीत चढवला आणि टेम्पो पोचला १२:४०ला. गेटवर कोणी उभंही केलं नाही. पुढचा स्लॉट मिळाला तो थेट सोमवारचा.

सोमवारी १६ खोकी घेतली, ८ परत. कारण: 'शेल्फ लाइफ कमी'. आमच्या चटणीची मुदत चार महिने. करारात लिहिलंय की माल पोचताना ७५ टक्के मुदत शिल्लक हवी. ती आठ खोकी जुन्या बॅचची होती, ३४ दिवसांची. म्हणजे चार दिवसांनी हुकलं! मंगळवारी घेतली असती तर २८ दिवसच झाले होते.

आणि माल उतरून २६ दिवसांनी डेबिट नोट आली. उशिराचा दंड ५ टक्के, १,७२८ रुपये. शिवाय 'बारकोड वाचला जात नाही, नवीन लेबल लावले' म्हणून ३२० पाउचवर प्रत्येकी १२ रुपये, ३,८४० रुपये. २३,०४० रुपयांच्या मालाचे हातात येणार १७,४७२, त्यातून परतीचं भाडं वेगळं. माझ्या फोनवर तर बारकोड झटक्यात वाचला जातो!

प्रश्न तीन. हे ७५ टक्के कायद्यात आहे का? डेबिट नोट मुकाट्याने मान्य करायची का? आणि दुसरी ऑर्डर आली आहे, शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. घेऊ का?

कडकभाकरी:
सोडून द्या हो ताई. या साखळ्यांच्या नादी लागून आमच्या गल्लीतले दोघं बुडाले. सोलापुरी चटणीला काचेच्या दुकानाची गरज काय?

भिवंडी_डॉक:
मी सहा वर्षं गोदामात माल उतरवून घेण्याचं काम केलंय, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो. गेटवरचा पोरगा तुमचा शत्रू नाही. त्याच्या हातातल्या स्क्रीनवर उत्पादन तारीख टाकली की तांबडं येतं, त्याला पुढे जाताच येत नाही. त्याच्याशी भांडून उपयोग शून्य.

७५ टक्के कायद्यात नाही, ती त्यांची अट आहे. एफएसएसएआयने, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, नोव्हेंबर २०२४मध्ये ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना सांगितलं होतं की गिऱ्हाइकाच्या हातात पडताना किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस मुदत उरलेली हवी. तुमची अट त्याहून कडक आहे, पण सही तुम्हीच केली आहे.

तुमची खरी चूक उशीर नाही, जुना माल आधी संपवायचा मोह आहे. १२० दिवसांच्या ७५ टक्के म्हणजे ९०, म्हणजे तुमच्याकडे तीसच दिवस. त्यात प्रवास, स्लॉट, एक हुकलेला स्लॉट आणि रविवार बसवायचा. जुनी बॅच किराण्याला द्या आणि साखळीसाठी ऑर्डर हातात आल्यावरच कांडायला घ्या.

आता एक सांगा, बारकोड कुठल्या रंगात छापलाय?

शेंगाचटणी_सोलापूर:
तपकिरी-लालसर. पाउच क्रीम रंगाचा आहे ना, डिझायनर म्हणाला काळा फार उठून दिसतो, चटणीच्या रंगाशी मेळ घालू.

भिवंडी_डॉक:
वाटलंच! गोदामातले बरेच स्कॅनर लाल उजेडाचे असतात. लाल उजेडात लालसर रेघ आणि क्रीम कागद सारखेच दिसतात, त्याच्या लेखी तिथे कोरा कागद आहे. फोनचा कॅमेरा रंग बघतो म्हणून तुमच्याकडे वाचला गेला. रेघा काळ्या, पार्श्वभूमी पांढरी, दोन्ही कडांना मोकळी जागा. डिझायनरला चटणी खायला घाला, पण बारकोडला हात लावू देऊ नका.

आणि १०० ग्रॅमचा पाउच असेल तर त्याचा बारकोड नंबर वेगळा आहे ना? पाउचचा १३ अंकी, खोक्याचा १४ अंकी, दोन्ही वेगळे लागतात. कुणाकडून स्वस्तात नंबर घेतला असेल तर तपासा. बारकोडचे अधिकृत नंबर देणाऱ्या जीएसवन इंडियाकडून घेतलेला नंबर ८९०ने सुरू होतो.

शेंगाचटणी_सोलापूर:
नंबर ८९०चाच आहे, पण १०० आणि २००ला एकच वापरलाय 😔

खतावणी:
ताई, पैशाचं मी बघतो. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? असेल तर लहान उद्योगांसाठीच्या २००६च्या एमएसएमईडी कायद्यात दोन गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. एक, लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, करारात ६० लिहिलं तरी. दोन, माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरतात. लेबलाची हरकत तुम्हाला २६ दिवसांनी कळली. जीआरएनवर (माल मिळाल्याची त्यांची पोच) बारकोडबद्दल काही शेरा आहे?

शेंगाचटणी_सोलापूर:
आत्ता बघितलं. फक्त '८ खोकी नाकारली, मुदत'. बाकी काही नाही. करारात ६० दिवसच आहेत. उद्यम आहे, पण बिलावर नंबर छापत नाही.

खतावणी:
मग तो आजपासून छापा. साखळ्यांचे हिशेबनीस सूक्ष्म-लघु पुरवठादारांची बिलं वेगळी काढतात, कारण आयकराच्या नियमामुळे (१९६१च्या कायद्यातलं कलम ४३बी(एच)) वेळेत पैसे न दिले तर त्या वर्षी त्यांना तो खर्च वजा मिळत नाही. मालाचं उत्पादन तुम्ही स्वतः करता, त्यामुळे हे तुम्हाला लागू आहे. नुसत्या व्यापाऱ्याला नाही.

१,७२८ सोडून द्या, स्लॉट हुकला हे खरंच आहे, आणि जमलं तर ट्रान्सपोर्टवाल्याकडून कापा. ३,८४०साठी मात्र मेल करा, मायेने पण लेखी: जीआरएनची प्रत जोडा, जुन्या लेबलाचे आणि नव्या लेबलाचे फोटो मागा, आणि १२ रुपयांचा दर करारात कुठे आहे ते विचारा. अर्धे तरी सुटतील. थकबाकीवर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं हे खरं, पण पहिल्याच बिलावर ते काढलंत तर तिसरी ऑर्डर विसरा.

परत आलेल्या आठ खोक्यांची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) तुम्ही काढायची. नुसत्या त्यांच्या डेबिट नोटवर तुमचा जीएसटी कमी होत नाही.

भिवंडी_डॉक:
दुसरी ऑर्डर घ्या. पण पुरवठ्याची मुदत वाढवून मागा, खरेदी विभाग बहुतेक वेळा देतो, कारण रिकाम्या कप्प्याबद्दल त्यांनाही बोलणी बसतात. माल स्लॉटच्या आदल्या दिवशी ट्रान्सपोर्टच्या भिवंडीतल्या गोदामात पोचलेला हवा. शंभर-दोनशे रुपये जास्त लागू देत. एका खोक्यात दोन बॅच भरायच्या नाहीत. खोक्याच्या दोन शेजारच्या बाजूंना ऑर्डर नंबर, बॅच, तारखा, एमआरपी आणि '२४ पैकी ३' असं लिहिलेलं लेबल. बिल खोक्याच्या आत घालू नका, मी स्वतः बिल शोधायला दहा खोकी फोडली आहेत.

शेंगाचटणी_सोलापूर:
खूप आभार दोघांचे. मेल पाठवला. संध्याकाळी शेजारच्या मेडिकलमध्ये पाउच घेऊन गेले, त्याच्या स्कॅनरखाली धरला. चार वेळा फिरवला, एकदाही टीं वाजलं नाही. मग त्याने खोकल्याचं औषध धरलं, लगेच टीं. आई म्हणाली, 'आपल्या चटणीपेक्षा हे खोकल्याचं औषध शहाणं.'

शेवटचं एक. छापलेले ५,००० पाउच पडून आहेत. बारकोडवर पांढरा स्टिकर चालेल का?

खतावणी:
बारकोड ही वजनमापाच्या नियमांतली सक्तीची माहिती नाही, त्यामुळे चालतो. फक्त एमआरपी, वजन, तारीख, पत्ता यातलं काही झाकलं जाऊ नये. एमआरपीवर स्टिकर लावून भाव वाढवायचा मात्र नाही.

भिवंडी_डॉक:
आणि पाउच पुसून मगच लावा. शेंगदाण्याचं तेल बाहेर आलं की स्टिकर भिवंडीपर्यंत टिकत नाही.