फेनवे पार्कची हिरवी भिंत आणि आपलं तोकडं मैदान

प्रश्न: बोस्टन रेड सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचं मैदान, फेनवे पार्क, 1912 चं. तिथं डावीकडं एवढी उंच भिंत का? सोलापुरात शाळेच्या मैदानावर डावी बाजू तोकडी पडते, असं काही चालेल का?

उत्तर 1: मागं लगेच लॅन्सडाउन स्ट्रीट, जागाच नाही. पूर्वी भिंतीलगत दहा फुटी चढ होता. 1934 च्या नूतनीकरणात तो बहुतेक सपाट केला आणि पत्र्यानं मढवलेली भिंत आली, 37 फूट 2 इंच. हिरवा रंग 1947 चा, त्याआधी तिच्यावर जाहिराती. होम प्लेटपासून (जिथं बॅटर उभा राहतो) डावा फाउल पोल (डावी हद्द दाखवणारा खांब) फक्त 310 फूट! म्हणून एरवी झेल ठरणारा उंच फटका तिथं होम रन (थेट हद्दीपार) होतो आणि खणखणीत सपाट फटका भिंतीवर आदळून डबलवर (दुसऱ्या बेसपर्यंतच) थांबतो. या मैदानाची खरी गंमत हीच.

उत्तर 2: जाळी बांधा. मागच्या दुकानांच्या काचा वाचवायला 1936 मध्ये तिथंही भिंतीवर जाळीच लावली होती.

उत्तर 3: आधी चार बेसचा चौकोन तपासा. बाजू 90 फूट, होम ते सेकंड बेस कर्ण 127 फूट 3⅜ इंच. नुसत्या बाजू मोजल्या तर काटकोन बिघडतो, फाउल लाइन (बाजूची हद्दरेषा) सरकते. कापडी टेप ताणला की वाढतो, स्टीलचाच घ्या.