ओलेड मॉनिटर घ्यावा का? मुक्काम वेळणेश्वर, काम कोडिंगचं

पडवीवाला
मंडळी, तीन वर्षांपूर्वी पुणं सोडून गावी आलो. फायबर आलंय, त्यामुळे नोकरी घरूनच चालते. दिवसाचे आठ-नऊ तास कोडिंग, रात्री एखादा गेम, आणि भावाच्या होमस्टेचे फोटो थोडेफार नीटनेटके करणं. सध्या २७ इंची १४४०पी आयपीएस (साधा एलसीडी) आहे, २०१९ मध्ये घेतलेला. काम करतो बिचारा. पण गेममध्ये गुहेत शिरलो की काळोख चुलीतल्या राखेसारखा दिसतो आणि कोपऱ्यात पिवळट उजेड. गेल्या महिन्यात मित्राकडे ओलेड (प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळणारा पडदा) बघितला आणि डोक्यातून जाईना. बजेट ७० हजार, थोडं ताणेन. बर्न-इनची (पडद्यावर कायमचा ठसा उमटण्याची) भीती अजून खरी आहे की जुनी झाली? आणि आपल्याकडची खारी हवा, जाणारी-येणारी लाइट बघता यात पडावं का? बायको म्हणते, आधी कौलं शाकारून घ्या.

रत्नांग्रीचा छापखाना
दोन वर्षं ३२ इंची ४के क्यूडी-ओलेड (सॅमसंगच्या पॅनेलचा ओलेड) वापरतोय, पत्रिका आणि आंब्याच्या पेट्यांची लेबलं करायला. काळा रंग, वेग, याबद्दल प्रश्नच नाही. तुमच्यासाठी मुद्दा अक्षरांचा आहे.

२०२२ मध्ये एलियनवेअरचा ३४ इंची क्यूडी-ओलेड आला, पुढच्या वर्षी एलजीचा २७ इंची १४४०पी. दोन्हीत अक्षरांची बोंब. विंडोजचं क्लिअरटाइप (अक्षरं गुळगुळीत दाखवणारी सोय) धरून चालतं की प्रत्येक पिक्सेलातले लाल, हिरवा, निळा ठिपके शेजारी शेजारी एका रांगेत उभे आहेत. सॅमसंगच्या पॅनेलात ते त्रिकोणात बसवलेत, हिरवा वर, बाकी दोघे खाली. एलजीच्यात चौथा पांढरा घुसलेला. गडद एडिटरमध्ये पांढरी अक्षरं जवळून बघा: वरच्या कडेला हिरवी किनार, खाली जांभळट. एकदा दिसली की दिसतच राहते, समोरच्याची नाडी लोंबताना दिसावी तशी.

२०२५ पासून २७ इंचातही ४के क्यूडी-ओलेड मिळतो. १४४०पी मध्ये इंचाला सुमारे १०९ पिक्सेल, यात १६० च्या वर. किनार तिथेही आहे, पण नाक लावून शोधावी लागते. आता दोन्ही कंपन्यांनी सरळ उभ्या पट्ट्यांची पॅनेलंही जाहीर केलीत, म्हणजे हे दुखणं मुळातूनच जाईल. तेव्हा कोडिंगला १४४०पी ओलेड मी फुकट दिला तरी घेणार नाही. (बरं, फुकट दिला तर घेईन.)

आणि नावावरून विचारतो, खरंच पडवीत बसता का? क्यूडी-ओलेडला पोलरायझर (बाहेरच्या उजेडाची चमक अडवणारा थर) नसतो. बाहेरचा उजेड पडला की काळा रंग करडा-जांभळट होतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले तेच गेलं. उजेडात एलजीचं पॅनेल बरं. नाहीतर माजघरात मुक्काम हलवा.

माडाखालचो
रे बाबा, आठ तास कोड लिवतंस नि रात्री वायच गेम खेळतंस. तेवढ्यासाठी सत्तर हजार? माझो आयपीएस सात वर्षां झाली, खाऱ्या वाऱ्यात तसोच चलता. अगदीच होयो तर मिनी-एलईडी (पाठीमागे बारीक दिव्यांचो एलसीडी) बघ. उजेड दाबून, पडदो जळूची भीती नाय.

सडेकरीण
मिनी-एलईडीचा सल्ला चुकीचा नाही, पण त्यात काळ्या पार्श्वभूमीवर माउसच्या बाणाभोवती धुकं दिसतं. असो. मी दापोलीजवळची, आणि आमचा पहिला ओलेड आम्ही स्वतःच्या हाताने मारलाय, म्हणून लिहिते.

ओलेडचा प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि जितका उजळतो तितका झिजतो. टास्कबार रोज नऊ तास एकाच जागी, म्हणजे तिथलेच पिक्सेल राबतात. यावर कंपन्यांनी उपाय केलेत: चित्र हळूच सरकवणं, स्थिर भाग मंद करणं, पाठीमागे हीटसिंक. सगळ्यात महत्त्वाची ती पिक्सेल रिफ्रेशची फेरी. साधारण चार तास वापर झाला की पुढच्या स्टँडबायमध्ये मॉनिटर झीज मोजून घेतो आणि सावरतो. पाच-दहा मिनिटांचं काम.

पण त्यासाठी भिंतीतली वीज चालू लागते. आपण काय करतो? काम संपलं की बोर्डावरचं बटण खट्कन बंद. मेअखेरचा वळीव किंवा दसऱ्याच्या सुमाराचा परतीचा पाऊस गडगडला की प्लगच उपटायचा. निसर्ग वादळानंतर, २०२० मध्ये, आमच्याकडे कित्येक दिवस लाइट नव्हती, तेव्हापासून सासूबाई तर झोपण्याआधी घरभर बटणं बंद करत फिरतात. त्यांचं चुकत नाही, मीच सांगितलं नव्हतं. चौदा महिन्यांनी पडदाभर करडा रंग लावून बघितला, तर तळाला टास्कबारची फिकट पट्टी आणि वर ब्राउझरच्या टॅबची रेघ. दुकानदाराने हात वर केले. वॉरंटीचा कागद काढला तर त्यात बर्न-इनचा उल्लेखच नव्हता. आता बरेच ब्रँड तीन वर्षं, बर्न-इन धरून देतात. तुम्ही घ्याल तो भारतात त्यात बसतो का, हे लेखी घ्या.

खाऱ्या हवेचं म्हणाल तर ओलेडचा थर ओलाव्याला फार नाजूक, म्हणूनच तो कारखान्यातच सीलबंद असतो. हवा खाते ती मागची पोर्टं. आमच्या एचडीएमआयच्या तोंडावर हिरवट बुरा यायचा. आणि तांबडी धूळ! कोरडं फडकं फिरवलंत तर कोटिंगवर ओरखडे. आधी ब्लोअर, मग किंचित ओलं मायक्रोफायबर.

पडवीवाला
ताई, वाचून उठलो आणि बोर्ड बघून आलो. मॉनिटर, राउटर आणि आईचा मिक्सर एकाच बटणावर आहेत. आई चटणी झाली की बटण बंद करते, मग मी ‘नेट गेलं’ म्हणून ओरडतो.

सडेकरीण
आधी वायरमन बोलवा. मॉनिटरला वेगळा पॉइंट, तो इन्व्हर्टरच्या लाइनवर, वर सर्ज प्रोटेक्टर. वीज चमकत असेल तर प्लग काढाच, पण वादळ गेलं की परत लावून स्टँडबायवर सोडा. टास्कबार लपवा, दोन मिनिटांत पडदा काळा होऊ द्या. ब्राइटनेस डोळ्यांना पुरेल इतकाच.

रत्नांग्रीचा छापखाना
+१. एक राहिलं: व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग बदलणारी सोय) चालू असताना गेमच्या अंधाऱ्या भागात कधीकधी पडदा लुकलुकतो. ते बिघाड म्हणून परत पाठवू नका. आणि कुरिअरने तर मागवूच नका, माझा पहिला खोका पावसात भिजून आला होता.

पडवीवाला
ठरलं मग. २७ इंची ४के, माजघरात. चुलतभाऊ गणपतीला मुंबईहून गाडीने येतोय, त्याच्या मागच्या सीटवर. जुना आयपीएस शेजारी उभा करून कोड त्यावर, बाकी सगळं नव्यावर. तोवर वायरिंग.

माडाखालचो
नि कौलां?

पडवीवाला
कालच शाकारली. गळत होतं ते नेमकं माजघरात, टेबल ठेवणार तिथेच.